एक दिवस पवनीत



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. धान विकून झाले, थंडीही ओसरली, आता सबब सांगायला काही उरले नाही. शिवाय एका पत्राचे उत्तर द्यायचे राहिले आहे. ते सगळ्यांसमोरच द्यावे म्हणतो.

माझ्या बहिणीचा नातू ओसाकाला नोकरी करतो. डिसेंबरात त्याने मला एक लांबलचक मेल पाठवली. चार मित्रांबरोबर क्योतोत घालवलेला एक दिवस त्यात होता. सकाळी कियोमिझुचे देऊळ, दुपारी एका जुन्या लाकडी घरात जेवण, संध्याकाळी गिओनच्या अरुंद गल्ल्या. जेवणात मुख्य पदार्थ म्हणजे गरम पाण्यात उकळलेला टोफू. त्याच्या मते ‘अप्रतिम’. फोटोवरून मला तो फोडणी द्यायची राहिलेल्या पनीरसारखा दिसला, पण ते असो. फोटोंत एक कामो नदीवरून घेतलेला होता आणि त्यात मागे एक निळसर डोंगर होता. खाली त्याने लिहिले होते, ‘हा हिएई पर्वत, वर खूप जुना बौद्ध मठ आहे.’ आणि शेवटी हे : ‘आजोबा, हे शहर ७९४ पासून १८६८ पर्यंत राजधानी होते. मधे हजार वर्षे गेली तरी लोक अजून रस्त्यातल्या दगडाचासुद्धा इतिहास सांगतात. तुम्ही तर इतिहास शिकवायचात. आपल्या भागात असे एखादे गाव का नाही?’

मी लगेच ‘आहे’ असे टाइप केले आणि थांबलो. कोणते? अजिंठा लिहिले, पुसले. अजिंठा कुठे, आमचा गोंदिया जिल्हा कुठे! देवगिरी लिहिले, तेही पुसले. चौतीस वर्षे वर्गात इतिहास शिकवलेल्या माणसाला आपल्या भागातले एक गाव पटकन सांगता येऊ नये, याची फार लाज वाटली. उत्तर तसेच राहिले.

मग जानेवारीच्या अखेरीला एका मित्राचा फोन आला. हा माझा कॉलेजातला मित्र, मूळचा पवनीचा. पोस्टात नोकरी करून निवृत्त झाला आणि मुलाकडे अर्जुनीला राहायला आला. पाच-सहा वर्षांपासून काचबिंदूने त्याची नजर जात चालली आहे. म्हणाला, “का गा, येतोस काय पवनीले? डोरे पुरते जायच्या आदी एकडाव जाऊन येऊ.”

पवनी! मी डोक्यावर हात मारून घेतला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवनी हे भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेच्या पश्चिम तीरावरचे तालुक्याचे गाव. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही आणि पवनी एकाच जिल्ह्यात होतो. तेव्हा ते परके गाव नव्हे. हल्ली पवनी म्हटले की लोकांना वाघ आठवतो, तो उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे. तिथला ‘जय’ वाघ मूळचा आमच्या नागझिऱ्याचा. २०१३ मध्ये तो चालत तिकडे गेला, नाव कमावले आणि २०१६ च्या एप्रिलपासून जो दिसेनासा झाला तो कायमचाच. या वाघाचा इतिहास आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. पण त्याच पवनीत सांचीच्या तोडीचे स्तूप जमिनीखाली होते, हे किती जणांना माहीत आहे? मला माहीत होते. आणि माझी खरी अडचण तीच आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मी, पोस्टमास्तर (आम्ही त्याला असेच म्हणतो) आणि आमच्या शाळेचे जुने ड्रॉइंगमास्तर. गाडी ड्रॉइंगमास्तरांच्या जावयाची, चालवायला त्यांचा नातू. लाखांदूरमार्गे गेलो. दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या, मधेच लाखोरीचे हिरवे पट्टे. पवनीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. पुलावर पोस्टमास्तरने गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि विचारले, “घाट दिसते काय?”

दिसत होते. पलीकडच्या काठावर दगडी पायऱ्या उतरत येतात, त्यांच्या वर देवळांची शिखरे. या गावाला विदर्भाची काशी म्हणतात ते या घाटांमुळे आणि देवळांमुळे. वैजेश्वराचे देऊळ आणि त्याचा घाट, मुरलीधर, नीलकंठ, दत्त. शिवाय एकाच दगडातला पाच मुखांचा गणपती, जो विदर्भातल्या अष्टविनायकांत मोजतात. मित्र एकेक नाव घेत होता, मी ‘हो, दिसते’ म्हणत होतो. खरे सांगायचे तर सगळी मला ओळखता आली नाहीत. पण त्याला नाही कसे म्हणणार?

गावाची रचना मोठी हुशारीची आहे. पूर्वेला नदी, उरलेल्या बाजूंना मातीचा उंच तट आणि त्याबाहेर खंदक. तटावर पुढच्या राजवटींनी दगडी बांधकाम चढवले, त्यामुळे पाहणारा त्याला गोंड-भोसल्यांचा किल्ला समजतो. पण आतला मातीचा तट त्याहून कितीतरी जुना आहे. ड्रॉइंगमास्तरांनी तिथे उभे राहून वहीत रेखाटन केले. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून तट जरा जास्तच पडका आला. (ह. घ्या, मास्तर.)

गावाबाहेर जगन्नाथ टेकडी आहे. आम्ही तिथे पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. आता जे दिसते ते सांगतो : टेकाड, गवत, झुडपे, विटांचे काही अवशेष. फोटो काढून ओसाकाला पाठवावा असे त्यात काही नाही. नातवाने गाडी सावलीला लावली आणि विचारले, “इथे काय पाहायचे आहे?” मीही मनात तेच म्हणत होतो.

पोस्टमास्तरने चपला काढल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून चढू लागला. मी म्हणालो, जपून, काटे आहेत. तर म्हणाला, “तू डोऱ्यानं पाह्य, मी पायानं पाहतो.”

आता मागची गोष्ट सांगितली पाहिजे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. आम्ही तेव्हा बी.ए.ला होतो. माझा हा मित्र सुट्टीत घरी गेला आणि चार पैसे मिळतील म्हणून खोदकामावर मजुरीला लागला. त्याने मला पत्र पाठवले होते : जमिनीतून खांब निघत आहेत, खांबांवर नाग आहेत, झाडे आहेत, अक्षरे आहेत, दोन दिवस तरी ये. मी गेलो नाही. का गेलो नाही? तर परीक्षा जवळ आली होती आणि प्राचीन भारताच्या इतिहासाचा पेपर मला अवघड जात होता. मी घरी बसून सांचीच्या स्तूपावरची टीप पाठ केली! सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर, हे मला अजून पाठ आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर त्या वेळी जो स्तूप उघडा पडत होता, त्याचा व्यास सुमारे अडतीस मीटर भरला. ही संख्या मी कधी पाठ केली नाही, कारण तिच्यावर प्रश्न येत नव्हता.

टेकडीवर मित्राने आम्हाला उभे करून सगळे दाखवले. ‘दाखवले’ हाच शब्द बरोबर आहे. इथे विटांचा गोल होता, त्याच्याबाहेर प्रदक्षिणेची वाट, तिच्याबाहेर दगडी कठडा. आधी कठडा लाकडी होता, मागाहून दगडाचा झाला. हे त्याला त्या वेळच्या एका विद्यार्थ्याने समजावले होते. कठड्याच्या खांबांवर बुद्धाची मूर्ती कुठेच नाही. त्याच्या जागी रिकामे आसन, बोधिवृक्ष अशी चिन्हे, कारण त्या काळात बुद्ध माणसाच्या रूपात कोरत नसत. एका शिल्पात फणा उभारलेला नाग आहे आणि त्याचे नाव अक्षरांत कोरलेले आहे : मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असता पावसापासून ज्याने त्यांना फणा धरून झाकले, तो नागराज. माझ्या मित्राने मातीतून तो दगड वर येताना पाहिला होता. त्याच्या शब्दांत, “आदी फना निंगाला गा. आमी समजलो जिताच साप हाय. दोघं तं टोपलं टाकून पराले.”

पन्नासावर वर्षांपूर्वीचे ते पळणारे मजूर आठवून तो एवढा हसला, की बिनदृष्टीच्या डोळ्यांना पाणी आले.

या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासचा. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर किंवा देवळाच्या फरशीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ म्हणून नावे असतात, तसेच. राजाने सगळे बांधून दिले असे नाही. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. त्यात विसमिता नावाची एक उपासिका आहे. तिने दान दिले आणि पुढे कोरवले, की हे सर्व प्राण्यांच्या सुखासाठी असो. आपल्यासाठी, नवऱ्यासाठी, मुलाबाळांसाठी काही मागितले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी राहणारी ही बाई कोण होती? विणकराच्या घरची, व्यापाऱ्याच्या घरची? एवढेच कळते, की तिच्या हातात स्वतःचे म्हणून देण्यासारखे काही होते आणि काय मागायचे हे तिने ठरवले होते.

पवनीचा इतिहास स्तूपांवर संपत नाही. इथे भार घराण्यातल्या भगदत्त नावाच्या राजाचा शिलालेख सापडला, तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाचून प्रसिद्ध केला. दुसरा एक स्तंभ सापडला तो रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा. त्याला लेखातच ‘छायास्तंभ’ म्हटले आहे, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभारलेला खांब. क्षत्रप म्हटले की आपल्याला गुजरात-माळवा आठवतो. त्यांच्या नात्यातला कुणी इथे वैनगंगेपर्यंत येऊन पोचला होता, हे त्या एका खांबामुळे कळले. सातवाहनांच्या आणि वाकाटकांच्या लेखांत ‘बेनाकट’, ‘बेन्नाकट’ अशा प्रदेशाचे नाव येते. मिराशींच्या मते तो हाच वैनगंगेचा काठ. गौतमीपुत्राच्या नाशिकच्या लेखातल्या नावाबद्दल विद्वानांत वाद आहेत. मला वाद मिटवता येणार नाही, पण माझे मत मिराशींच्या बाजूने आहे. थोडा प्रदेशाभिमान म्हणा हवे तर.

रूपिअम्माचा तो स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात नेला. माझ्या कबुलीजबाबाचा दुसरा भाग इथे येतो. शाळेची सहल मी कितीदा तरी अजब बंगल्यात नेली. पोरे पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे धावत, मी त्यांच्या मागे शिट्टी वाजवत. त्या स्तंभासमोर एकाही वर्गाला उभे केल्याचे मला आठवत नाही. आणि पवनीला तर एकदाही सहल नेली नाही. नवेगावबांध दर दोन वर्षांनी, कारण तिथे तळे आहे, बाग आहे, डबा खायला सावली आहे. पवनीत काय दाखवणार, असे मीच मुख्याध्यापकांना सांगितले होते. माझ्या वर्गात चौरास भागातली, थेट पवनीच्या आसपासच्या खेड्यांतून मामाकडे शिकायला आलेली पोरे असत. त्यांना मी सांचीची तोरणे फळ्यावर काढून दाखवली. त्यांच्यापैकी कुणी तरी त्या टेकडीवर गुरे चारली असतील.

असो. बारा वाजून गेले आणि भुका लागल्या.

जेवण पोस्टमास्तरच्या बहिणीकडे होते. घर जुन्या गावात, माडीचे. ओट्यावरच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक मळकट रेघ आहे. ती २०२० च्या ऑगस्ट अखेरच्या पुराची. वर गोसीखुर्दचे धरण आहे (२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केले ते), आणि त्या पुराच्या वेळी नदी गावात शिरली. ताईंनी घर पुन्हा रंगवले, पण ही रेघ मुद्दाम ठेवली. म्हणाल्या, “राहू द्या. नाहीतर पुढचे लोक म्हणतील, पूर आलाच नव्हता.” मी मनात म्हटले, बाई, इतिहासाचा शिक्षक तुम्ही व्हायला हवे होते.

ताटात काय होते ते लिहायलाच हवे, कारण ओसाकाच्या मेलमध्ये टोफूवर दोन परिच्छेद होते. चिन्नोरचा भात, त्याचा वास ओसरीपर्यंत. लाखोरीच्या डाळीचे वडे. वांग्याचे भरीत, वर कच्चे तेल. नदीचे झिंगे, तिखट, आमच्या ड्रॉइंगमास्तरांना वगळून, कारण ते माळकरी. त्यांच्यासाठी हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. शेवटी कोहळ्याचे बोंड. पोस्टमास्तर हाताने चाचपून जेवतो, पण झिंग्याचे कवच त्याच्याइतके सफाईने काढणारा आमच्यात कुणी नव्हता. ताई त्याच्या शेजारी बसून ताटात काय कुठे आहे ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगत होत्या : तीनवर वडा, सहावर भात. अशी पद्धत मी प्रथमच पाहिली. नातवाने न विचारता तिसऱ्यांदा भात घेतला.

जेवताना मी क्योतोच्या मेलची गोष्ट सांगितली. हिएई पर्वताचे नाव काढले तेव्हा ताईंचा मुलगा म्हणाला, “हिएई? मग रुयाडला जाऊनच या.”

मंडळी, या दिवसातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट इथे घडली. पवनीजवळ रुयाड नावाचे गाव आहे. तिथे महासमाधीभूमी नावाचा मोठा महास्तूप आहे आणि २००७ साली त्याचे लोकार्पण झाले. मी पेपरात फोटो पाहिले होते, पण नागपूर-कामठीकडे जपानी मदतीने झालेले ड्रॅगन पॅलेस वगैरे आहे, तसेच काही असेल म्हणून सोडून दिले होते. तो उभारणाऱ्या पञ्ञा मेत्ता संघाचे भंते संघरत्न माणके हे आपल्या विदर्भातले. लहान वयात ते जपानला गेले आणि तिथे तेंदाई पंथाचे भिक्षू म्हणून शिकले. कुठे? तर हिएई पर्वतावर! नातवाच्या फोटोत कामो नदीच्या मागे जो निळा डोंगर दिसतो, त्याच डोंगरावर.

त्या डोंगराचा इतिहास मी घरी येऊन वाचला. साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ साली तिथे मठ स्थापला, म्हणजे क्योतो राजधानी होण्याच्याही सहा वर्षे आधी. पुढे तो मठ एवढा बलाढ्य झाला, की १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने तो जाळून टाकला, माणसांसकट. नंतर तो पुन्हा उभा राहिला. बारा वर्षे डोंगर न उतरता साधना करायची, असा एक कडक नेम साइचोने घालून दिला होता, आणि तो पाळणारे भिक्षू अगदी आपल्या काळातही झाले.

म्हणजे पाहा. पवनीतून धम्म कधी तरी नाहीसा झाला. स्तूपावर माती चढली, मातीवर गवत, त्यावर जगन्नाथाचे देऊळ. तोच धम्म चीन, कोरिया करत जपानला गेला, एका डोंगरावर हजारावर वर्षे राहिला, आणि तिथून एक विदर्भाचा मुलगा तो घेऊन परत आला तो नेमका विसमितेच्या गावाशेजारी. मधे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा झाली नसती, तर हे काही घडले नसते, हेही तितकेच खरे. बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यांना हरवले, असे ड्रॉइंगमास्तर परतीच्या वाटेवर बोलले आणि बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या घरी त्या वेळी कुणाला मत पडले होते, ते मला ठाऊक आहे. माझ्या घरी कुणाला, तेही.

रुयाडला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. ८ फेब्रुवारीला तिथे दरवर्षी धम्म महोत्सव भरतो, जपानहून भिक्षू येतात. त्याची तयारी चालली होती. बांबू पडले होते, पोरे पताका बांधत होती. आत मात्र इतके शांत, की नातवानेही मोबाइल खिशात टाकला. पोस्टमास्तरला मी मूर्तीसमोर बसवले. थोड्या वेळाने त्याने हलक्या आवाजात विचारले, “मूर्ती हाय ना समोर?” मी म्हटले, आहे. “आमच्या खांबावर नव्हती,” तो म्हणाला, “खाली आसनच होतं.” आणि तसाच बसून राहिला.

बाहेर येऊन मी ओसाकाला फोन लावला. तिथे रात्रीचे आठ-साडेआठ वाजले होते, पठ्ठ्या जेवत होता. मी म्हणालो, तुझ्या फोटोतल्या डोंगराच्या शाखेत उभा आहे, पवनीला. त्याला आधी कळेच ना. मग मी टेकडी, मुचलिंद, विसमिता, सगळे सांगितले; मधेच पोस्टमास्तरने फोन ओढून घेतला आणि सापाला भिऊन पळालेल्या मजुरांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. नातू म्हणाला, “आजोबा, हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितले?”

मी त्याला खरे कारण सांगितले. परीक्षेचे.

परत येताना पुलावर पुन्हा गाडी थांबवली. सूर्य गावाच्या मागे गेला होता, घाट काळे दिसत होते. या खेपेला पोस्टमास्तरने काही विचारले नाही. ड्रॉइंगमास्तरांनी वही काढली, पण उजेड पुरेना म्हणून परत ठेवली.

माझ्या जुन्या शाळेत मी परवा जाऊन आलो. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी आहे. सहल यंदाही नवेगावबांधलाच ठरली होती. पुढच्या वर्षी पवनी म्हणाली आहे, पण डबा खायला सावली कुठे आहे ते मी आधी बघून सांगायचे, या अटीवर. बालसमुद्र तलावाकडे झाडे आहेत असे पोस्टमास्तर म्हणतो. त्याच्या आठवणीतली झाडे अजून आहेत का, ते बघायला मार्चमध्ये पुन्हा जायचे आहे. कुणाला यायचे असल्यास कळवा. गाडीत एक जागा आहे.